उद्या आपल्या शिवारात गारपीट होणार का, हे आदल्या दिवशी कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अहमदपूर तालुक्यात दोन एकरांची हळद शिजवून उघड्यावर वाळत घातली आहे, एप्रिल चालू आहे. हवामान खातं रोज ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ म्हणतं, मोबाइलवरचं ॲप तुमच्या गावाचं नाव घालून तासातासाचे आकडे दाखवतं आणि व्हिडिओवाले थेट तारखा देतात. यातलं खरं कोणाचं?

आदल्या दिवशी, तुमच्या शिवारापुरतं, कोणालाच कळत नाही. तासभर आधी मात्र पुष्कळदा कळतं, आणि तुमच्याकडे माणसं आणि ताडपत्र्या तयार असतील तर हळद झाकायला तासभर पुरतो. म्हणून ‘येईल का?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. ‘मला झाकायला किती वेळ लागतो?’ हे आधी ठरवा आणि तेवढ्याच पल्ल्याचा अंदाज बघा.

मी हवामान खात्यातला नाही. लातूरजवळ राहतो, ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो, घरची पाच एकर जमीन आहे. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात एक वही घालतो. सकाळी माझा अंदाज लिहायचा आणि रात्री झोपताना त्याच्यासमोर काय झालं ते लिहायचं. वहीचा पहिला उपयोग म्हणजे माणूस जमिनीवर येतो.

आधी त्या ‘तुरळक’चं बघू, कारण सगळा राग त्या शब्दावर निघतो. हवामान खात्याच्या भाषेत हे शब्द मोजून वापरलेले असतात. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी, त्याहून जास्त पण निम्म्यापर्यंत असेल तर काही ठिकाणी, मग बऱ्याच ठिकाणी. म्हणजे अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला तरी चारातली तीन ठिकाणं कोरडी राहणार, हे त्या शब्दातच लिहिलेलं असतं.

गारांचं गणित तर आणखी कडक आहे. लातूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ 7,157 चौरस किलोमीटर. एका ढगाने गारांचा पट्टा टाकला आणि तो तीन किलोमीटर रुंद, पंधरा किलोमीटर लांब धरला, तर झाले 45 चौरस किलोमीटर. जिल्ह्याचा एक टक्काही नाही. एका संध्याकाळी असे चार ढग फुटले तरी अडीच टक्के. त्या दिवशी ‘लातूर जिल्ह्यात गारपीट’ हा अंदाज तंतोतंत खरा ठरला, आणि शंभरातले सत्त्याण्णव शेतकरी रात्री म्हणणार, “काही आलं नाही, हे नुसतं सांगत असतात.” उरलेल्या तिघांचा घास गेलेला असतो. यात खोटं कोणीच बोललेलं नाही.

आता हे नेमकं आधी का कळत नाही. वळवाचा ढग म्हणजे चार-पाच किलोमीटर रुंदीचा एक मनोरा, जो दुपारी जन्मतो, अर्ध्या-पाऊण तासात चौदा-पंधरा किलोमीटर उंच जातो आणि तासाभरात स्वतःच्याच पावसाने विझतो. चक्रीवादळ बंगालच्या उपसागरात चार दिवस आधीपासून दिसतं, कारण ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि आठवडाभर जगतं. आपला ढग सकाळी अस्तित्वातच नसतो. संगणकाची मॉडेलं सगळं आकाश जाळीच्या चौकोनांत वाटून गणित करतात. आपल्या हवामान खात्याचं जागतिक मॉडेल बरीच वर्षं 12 किलोमीटरच्या जाळीवर चाललं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ 26 मे 2025 ला सुरू झालं, त्याची जाळी 6 किलोमीटरची आहे. मोठी सुधारणा आहे ती. पण चार किलोमीटरचा ढग सहा किलोमीटरच्या चौकोनात पकडायचा म्हणजे बाजरीच्या चाळणीत राजगिरा चाळण्यासारखं. त्याहून बारीक, तीन-तीन किलोमीटरची मॉडेलंही चालवतात. ती ढग दाखवतात खरी, पण दाखवलेला ढग शेजारच्या तालुक्यात आणि दोन तास उशिरा उगवला तर त्या मॉडेलने वाईट काम केलं असं मी म्हणणार नाही.

तुमच्या ॲपवर गावाचं नाव आहे म्हणून अंदाज गावाचा होत नाही. चौकोनाचं उत्तर गावाच्या नावाखाली छापलेलं असतं, इतकंच.

मग सकाळी काय कळू शकतं? आजचा दिवस ‘भरलेला’ आहे की नाही, हे बऱ्यापैकी कळतं. त्याला तीन गोष्टी लागतात: खाली ओल, वर गारवा आणि उठवणारा कोणीतरी.

ओल म्हणजे हवेतली. एप्रिलमध्ये मराठवाड्यात वायव्येचा कोरडा वारा असेल तर पारा बेचाळीसवर जाऊनही काही होत नाही. लोकांचा इथेच घोटाळा होतो. “आज लई तापलंय, आज येणारच” असं म्हणतात आणि आकाश कोरं राहतं. नुसत्या तापण्याने ढग होत असते तर जैसलमेरला रोज गारा पडल्या असत्या. बंगालच्या उपसागराकडून आग्नेयेचा दमट वारा तेलंगणावरून आत आला की चित्र बदलतं. या दमट आणि त्या कोरड्या वाऱ्याची गाठ ज्या रेषेवर पडते, ती उन्हाळ्यात बरेचदा विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाच्या आतल्या भागाकडे गेलेली असते. खात्याच्या पत्रकात ‘द्रोणीय रेषा’ किंवा ‘वाऱ्याची खंडितता’ असे शब्द येतात, ते हेच. बातमीत ही ओळ कोणी वाचत नाही. मी आधी तीच वाचतो. रेषा आपल्या पश्चिमेला असेल तर आपण दमट बाजूला, पूर्वेला सरकली तर आपण कोरडे.

घरात ओल ओळखायची तर मिठाच्या बरणीत बघा. आमच्याकडे आई म्हणायची, मिठाला पाणी सुटलं, गूळ पाझरला की झाकाझाक करा. हे शास्त्राला धरून आहे, मीठ हवेतली ओल ओढतं. आकड्यात हवं असेल तर दवबिंदू बघा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की दव पडू लागेल ते तापमान; ते जितकं जास्त, तितकी हवेत ओल जास्त. दुपारी दवबिंदू दहा-बाराच्या आसपास असेल तर मी निवांत असतो, अठराच्या पुढे गेला की अंगणातलं आत घेतो. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर आहेत, दोन हजारांहून जास्त. तुमच्या मंडळाचा पारा आणि आर्द्रता तिथे मोजली जाते.

वरच्या गारव्याचं उत्तर फुग्यातून मिळतं. छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद, नागपूर अशा ठिकाणांहून पहाटे साडेपाचच्या वेळेसाठी यंत्र बांधलेला फुगा सोडतात. तो वर जाताना तापमान, ओल आणि वारा कळवत जातो. त्याचा आलेख वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतो. त्यात ‘केप’ नावाचा एक आकडा असतो, म्हणजे ढग उठला तर त्याला वर ढकलायला किती ऊर्जा हाताशी आहे. दीड हजारापुढे गेला की मी ताठ बसतो. पण त्याच्या शेजारचा ‘सिन’ हा आकडा, म्हणजे ढगावरचं झाकण किती घट्ट आहे ते, जास्त महत्त्वाचा, आणि त्याच्याकडे नवखे बघत नाहीत. वर दोन-तीन किलोमीटरवर वायव्येकडून आलेल्या गरम कोरड्या हवेचा थर असतो, तो झाकणासारखा बसतो. खाली कितीही ऊर्जा असो, झाकण पक्कं असेल तर दिवस वाया. आणि झाकण दुपारी चारपर्यंत टिकून मग एका जागी फुटलं, तर दिवसभर साठलेलं सगळं त्याच एका ढगाला मिळतं. रोज थोडा थोडा शिडकावा करणारे दिवस आणि एकदाच येऊन पत्रे उडवणारा दिवस यांत हा फरक आहे. पहाटेच्या आलेखात झाकण नेहमीच घट्ट दिसतं, कारण जमीन गार असते. दुपारचं अपेक्षित तापमान धरून ते मनात सैल करून बघावं लागतं.

अडचण अशी की अहमदपूरपासून संभाजीनगर आणि हैदराबाद, दोन्हीकडचे फुगे दोनशे किलोमीटरच्या वर दूर आहेत. आपल्यावरची हवा त्या दोघांच्या मधली समजायची आणि पुढे जायचं.

तिसरी गोष्ट, उठवणारा. कधी ती रेषा, कधी बालाघाटाच्या डोंगररांगेचा तापलेला माथा, कधी दुसऱ्याच ढगातून खाली आदळून पसरलेली गार हवा. हा शेवटचा सगळ्यांत खोडकर. बीडकडे तीन वाजता ढग फुटतो, त्याचा गार झोत जमिनीलगत पसरत येतो, आणि पाच वाजता तुमच्याकडे स्वच्छ आकाशात नवा ढग उठवतो. मुळात बीडचा ढग कधी आणि कुठे फुटेल हेच सकाळी माहीत नसतं, तर त्याच्या पोटचा कसा माहीत असणार?

गारांसाठी आणखी एक पाहायचं, वरच्या आणि खालच्या वाऱ्यातला फरक. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. त्यांनी ढग तिरका होतो, पाऊस बाजूला पडतो आणि वर चढणारी हवा पावसात भिजून विझत नाही. ढग जास्त जगतो. शिवाय तेव्हा हवा ज्या उंचीवर शून्य अंशाला येते ती पातळी खाली असते, त्यामुळे गार जमिनीपर्यंत वितळत नाही. फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत 2014 मध्ये जे झालं ते आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंब, झाडावरची पाखरं, सगळं गेलं. मे महिन्यातला वळीव कडकडाट जास्त करतो, वारा जास्त सोडतो, गारा त्या मानाने कमी. एप्रिल मधला. तुमचं नशीब.

सकाळी एवढं बघून मी वहीत फक्त एक शब्द लिहितो: ‘भरलेला’, ‘अर्धा’ किंवा ‘रिकामा’. गावाचं नाव लिहीत नाही. दुपारी एकनंतर खरं काम सुरू होतं.

आता इथे माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. पहिल्या-दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मार्च होता, शेजारच्या अण्णांचा हरभरा काढून ढीग लावलेला. त्यांनी विचारलं, “सर, उद्यावर टाकू का मळणी?” मी उपग्रहाचं चित्र उघडलं. धाराशिवच्या पलीकडे पांढरा गोळा दिसत होता, पण चित्रावर वेळ होती 09:00. म्हटलं, सकाळचं शिळं चित्र आहे, तो ढग केव्हाच विरला असेल. “टाका उद्यावर,” म्हणून चहाला गेलो. चित्रावरची वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ते चित्र दुपारी अडीचचं होतं, म्हणजे ताजं. चारला ढीग भिजला. अण्णा त्यावर कधी काही बोलले नाहीत, पण मला बघितलं की अजून मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात.

तर चित्र बघताना आधी साडेपाच तास मिळवा. इन्सॅटची चित्रं साधारण अर्ध्या तासाने येतात. अर्ध्या तासात वळवाचा ढग बाळाचा बाप होतो, म्हणून नुसत्या उपग्रहावर विसंबू नका. रडार दहा-दहा मिनिटांनी चित्र देतं. आपल्याला सोलापूरचं आणि हैदराबादचं उपयोगाचं. दोन-तीन चित्रं लागोपाठ बघून ढगाची दिशा आणि वेग काढायचा. अर्ध्या तासात पंधरा किलोमीटर सरकला असेल तर तुमच्यापर्यंत यायला किती वेळ, हे तोंडी गणित आहे. मार्च-एप्रिलमध्ये ढग बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. मे संपत आला की वरचे वारे मरगळतात आणि दिशा रोज नव्याने बघावी लागते. रंगपट्टीवर 55 डीबीझेडच्या (ढगावरून रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या जोराचं माप) पुढचा रंग उठला, आणि तो ढगात उंचावर असला, तर गारांची शक्यता धरा.

रडारचीही एक खोट आहे, ती तुमच्या तालुक्याला विशेष लागू. रडारचा झोत थोडा वर रोखलेला असतो आणि पृथ्वी खाली वाकत जाते, म्हणून जितकं दूर तितकं रडार उंचावरचं बघतं. अर्ध्या अंशाचा झोत धरून मी हिशोब केला: सोलापूरहून अहमदपूर सुमारे 160 किलोमीटर, तिथे झोत जमिनीपासून जवळजवळ तीन किलोमीटर वर असतो. हैदराबादचा तर साडेचार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ढगाची छाती-डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत. जमिनीलगत पळत येणारा तो गार झोत, जो ताडपत्री उडवतो, रडारवर तुमच्याकडे दिसणारच नाही.

तिथे गच्ची कामाला येते. दुपारी फुलकोबीसारखे गड्डे वाढताना बघा. त्यांचे माथे कडक, कोरल्यासारखे असतील तर ढग अजून चढतो आहे. माथा पिंजलेल्या कापसासारखा होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा एका बाजूला पसरला की ढग पक्का झाला. ऐरणीचं टोक तुमच्याकडे असेल तर बहुधा तुमच्याच वाटेवर आहे. खाली काळ्या बुडापुढे धुळीची भिंत दिसली, घाम एकदम गार झाला आणि ओल्या मातीचा वास आला, तर आता बघत बसायची वेळ संपली.

हवामान खातं दर तीन तासांनी जिल्ह्यासाठी तात्काळ अंदाज काढतं, त्याला ‘नाउकास्ट’ म्हणतात. लोक पाच दिवसांच्या पत्रकावर वाद घालतात आणि हे उघडतही नाहीत. माझ्या मते आपल्यासाठी खात्याची सगळ्यांत कामाची वस्तू तीच आहे. जिल्हा पिवळ्यातून नारिंगीत गेला आणि मजकुरात ‘गारपीट’ शब्द आला, की मी शेजाऱ्यांना फोन करतो. जोडीला आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप ठेवा; तुमच्या भोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का ते त्यात दिसतं. रडार बंद असेल त्या दिवशी विजेचे ठिपके कुठून कुठे सरकतात यावरून ढगाची वाट काढता येते.

तारखा देणाऱ्यांबद्दल. “12 ते 16 एप्रिल, राज्यात वादळी पाऊस” हे वाक्य कोणत्याही वर्षी बहुतेक खरं ठरेल; महाराष्ट्र एवढा मोठा आहे. पाच-सात दिवस आधी एवढंच सांगता येतं की पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी हवेतली खळबळ, येतो आहे, दमट वारा आत शिरणार आहे, म्हणजे आठवडा धोक्याचा. तेवढंच कोणी सांगत असेल तर ऐका, उपयोगाचं आहे. तालुक्याचं नाव आणि तास सांगू लागला की व्हिडिओ बंद करा.

आता तुमची हळद. शिजवायची नवी खेप लावायची की थांबायचं, हा निर्णय दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर घ्या. आठवडा धोक्याचा असेल तर थांबा, कारण शिजवलेली हळद वाळायला दोन आठवडे लागतात आणि मध्ये भिजली तर रंग जातो. रोज सकाळी दिवस भरलेला वाटला तर हळद पातळ पसरू नका. ताडपत्र्या ढिगाशेजारी आणून ठेवा, दोन माणसांना संध्याकाळी गावातच राहायला सांगा. आणि नाउकास्ट, रडार, दामिनी यांपैकी दोघांनी एकाच दिशेने बोट दाखवलं की झाका. दहादा झाकून आठदा काहीच आलं नाही तरी तो तोटा नाही. झाकण्याची मजुरी आणि भिजलेल्या हळदीचा मोंढ्यातला भाव, दोन्ही कागदावर मांडून बघा.

एक गोष्ट मात्र दरडावून सांगतो. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं की ढग दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज तुमच्यावर पडू शकते. त्या वेळी हळद उघडी असेल तर उघडीच राहू द्या. देशात बहुतेक वर्षी विजेने अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यांतली कितीतरी शेतात काम करताना, नाहीतर झाडाखाली आडोशाला थांबलेली असतात. झाकायचं ते गडगडाट ऐकू यायच्या आधी.

आणि ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवू नका, वाळू भरलेली पोती ठेवा, पश्चिमेची बाजू आधी बांधा. पहिला झोत कोरडा असतो, पावसाच्या पाच-दहा मिनिटं पुढे येतो आणि तो कडेखालीच शिरतो.